आप्पांच्या कॅलेंडरात नसलेली गिधाडं

आप्पा गेल्यावर माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत कॅलेंडरं सापडली. १९७८ पासून २०११ पर्यंतची, वर्षवार सुतळीने बांधलेली. मधल्या दोन वर्षांना वाळवी लागलेली, बाकी सगळी शाबूत. आप्पा तारखेच्या चौकोनात शिसपेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे. पाऊस एक बोट. कपिला व्याली, कालवड. विहीर तळाला. तुरीवर अळी. एवढंच, त्यापुढे शब्द नाही.

मी महिनाभर ती वाचत होते. १९८९च्या मे महिन्यात एका गुरुवारी लिहिलंय: "ढवळ्या गेला. माळावर नेला. पवळ्या खात नाही."

तो दिवस मला लख्ख आठवतो. मी अकरा वर्षांची होते. शेजारच्यांच्या बैलजोडीला कासरा बांधून ढवळ्याला ओढ्यापलीकडच्या माळावर नेलं होतं. गावातली मेलेली जनावरं तिथेच जायची. मला जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी गेले आणि ओढ्याच्या अलीकडे बाभळीखाली बसून राहिले. कातडं काढणारे काम उरकून गेले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. आधी कावळे आले. मग आभाळात, डोळे बारीक केल्याशिवाय दिसणार नाही इतक्या उंचावर, एक ठिपका थांबल्यासारखा दिसला. एकाचे चार झाले, चाराचे किती झाले ते मला मोजता आलं नाही. ती उतरायला लागली तेव्हा आवाज आला. पंख अर्धवट मिटून, पाय खाली सोडून येणाऱ्या गिधाडाच्या पंखांतून वारा असा फाटतो की जोराच्या वावटळीत पत्र्याची शेड घोंगावावी. जमिनीवर उतरल्यावर ती दोन्ही पायांनी तिरकी उड्या मारत पळायची, एकमेकांवर फुत्कारायची आणि पंख उघडले की पाठीवर खाली पांढराशुभ्र पट्टा चमकायचा.

दुपारी आई हाका मारत आली तोवर ढवळ्याचा सांगाडा उरला होता. वास नाही, माशा नाहीत. पोट भरलेली गिधाडं लांबपर्यंत धावत जाऊन कशीबशी हवेत उठत होती, काही चिंचेवर पंख पसरून उन्हाला बसली होती. मला रडू आलं होतं ते ढवळ्यासाठी. गिधाडांचा राग आला नव्हता, हेही मला नीट आठवतं.

आप्पांच्या चौकोनात यातलं काहीच नाही. चौतीस वर्षांच्या त्या कागदांवर टोळ आहेत, रानडुकरं आहेत, एकदा विहिरीत पडलेलं उदमांजर आहे. 'गिधाड' हा शब्द एकदाही नाही. का असावा? रोज उगवणारा सूर्य कोण लिहून ठेवतं?

मग मी गावात विचारायला सुरुवात केली, गिधाडं कधी गेली? पारावरचे एक आजोबा ठामपणे म्हणाले, "लातूरकडं भूकंप झाला बघ, त्याच्या आदल्या साली." दुसऱ्यांनी लगेच खोडून काढलं, "छे, माझ्या थोरलीच्या लग्नात होती की! मांडवावरनं फिरत होती." थोरलीचं लग्न १९९७चं. पलीकडच्या वस्तीवरच्या मावशी म्हणाल्या, "मोबाईलचे टॉवर आले आन् सगळी पाखरं गेली, बाई." एकाच गावात, एकाच माळाकडे पाहून म्हातारी झालेली ही माणसं, आणि त्यांच्या सांगण्यात दहा-बारा वर्षांचं अंतर. कोणी खोटं बोलत नव्हतं. गिधाडं गेली हे कोणाला दिसलंच नव्हतं. ती नाहीत हे पुढे कधीतरी लक्षात आलं, आणि ज्याला जे वर्ष आठवलं त्याने ते त्यावर चिकटवलं.

नेमकं कधी आणि किती, हे आज आपल्याला माहीत आहे. त्यामागे थोड्या माणसांचं काम आहे. त्यांनी गिधाडं भरपूर होती तेव्हाच ती मोजून ठेवली होती.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास केला होता. त्यात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घरटीही मोजली गेली, कारण तीही त्याच यादीत होती. साडेतीनशेच्या आसपास घरटी. १९९६च्या सुमाराला ते पुन्हा तिथे काम करू लागले तेव्हा घरटी निम्म्याहून कमी झालेली होती. काही गिधाडं फांदीवर मान खाली टाकून तासन् तास बसलेली दिसायची आणि काही दिवसांत झाडाखाली मरून पडलेली सापडायची. आणखी काही वर्षांत केवलादेवमध्ये त्या जातीचं एकही घरटं उरलं नाही. हाताशी आधीचा आकडा होता म्हणूनच त्यांना काळजी वाटली. एखादा नवखा माणूस त्या वर्षी तिथे गेला असता, तर शंभरावर घरटी पाहून खूश होऊन परतला असता.

दुसरी मोजणी रस्त्यावरची. १९९१ ते १९९३ या काळात याच संस्थेने उत्तर, मध्य, पश्चिम आणि पूर्व भारतातल्या ठरावीक रस्त्यांवरून आणि अभयारण्यांमधून गाडीने फिरत शिकारी पक्षी मोजले होते. ते सर्वेक्षण सगळ्याच शिकारी पक्ष्यांचं होतं. गिधाडांवर संकट येणार आहे असं तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. पुढे २०००, २००२, २००३ आणि २००७ साली त्याच रस्त्यांवरून पुन्हा मोजणी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ च्या मानाने २००७ मध्ये ९९.९ टक्क्यांनी घटलेली निघाली. म्हणजे हजारामागे एक. लांब चोचीची आणि बारीक चोचीची गिधाडं मिळून ९६.८ टक्क्यांनी घटली, म्हणजे शंभरामागे तीन उरली. पंधरा वर्षांत. माझ्या शाळेपासून माझ्या संसारापर्यंतची पंधरा वर्षं.

कारण शोधायला वेळ लागला. आधी संशय साथीच्या रोगावर होता, कीटकनाशकांवरही होता. शवविच्छेदनात मेलेल्या गिधाडांच्या हृदयावर, यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर सापडायचा. तो युरिक आम्लाचा. मूत्रपिंडं बंद पडली की पक्ष्याच्या रक्तातलं युरिक आम्ल बाहेर जात नाही आणि अवयवांवर साचत जातं. पण मूत्रपिंडं बंद का पडतात? पाकिस्तानच्या पंजाबात काम करणारे लिंडसे ओक्स आणि त्यांचे सहकारी यांनी प्रश्नच फिरवला. गिधाडं खातात काय? पाळीव जनावरं. मग त्या जनावरांना दिलं काय जातं? या मार्गाने ते डायक्लोफिनॅकपाशी पोचले. माणसाच्या गुडघेदुखीवर चालणारं, ताप आणि सूज उतरवणारं हे औषध १९९०च्या दशकात जनावरांसाठीही स्वस्तात मिळू लागलं होतं. मूत्रपिंड निकामी होऊन मेलेल्या ज्या २५ गिधाडांची तपासणी झाली त्या सगळ्यांमध्ये डायक्लोफिनॅक सापडलं. दुसऱ्या कारणांनी मेलेल्या १३ गिधाडांपैकी एकातही नाही. हा निबंध २००४ मध्ये 'नेचर'मध्ये आला.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका गणिताने मला जास्त हादरवलं. गिधाडं ज्या वेगाने मरत होती त्या वेगाने मरायला किती मेलेल्या जनावरांमध्ये औषध असावं लागेल? उत्तर निघालं, शंभरात एकही नको. हजारात एक ते आठ पुरेत. कारण एका बैलावर पन्नास-शंभर गिधाडं उतरतात. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं जातात. कोंबडीसारखी भरपाई त्यांना जमत नाही. म्हातारी गिधाडं जगत राहिली तरच त्या जातीचा हिशोब जुळतो.

हे वाचल्यावर मी पुन्हा कॅलेंडरांकडे गेले. १९९८, भाद्रपद. "कपिलाची नात उठेना. डॉक्टर आणला. इंजेक्शन. सकाळी उभी." पुढच्या चौकोनात: "दूध दिलं."

औषधाचं नाव लिहिलेलं नाही, आणि ते आता कळायची सोय नाही. पण या दोन ओळी वाचताना मला आप्पांचा चेहरा दिसला. गाय उठली म्हणजे घरातलं माणूस उठलं. त्या रात्री ते गोठ्यात कंदील घेऊन बसले होते. तडफडणारं जनावर सकाळी पायावर उभं राहतं, शेतकऱ्याला याहून मोठा दिलासा कोणता? या गोष्टीत वाईट माणूस सापडत नाही, म्हणूनच ती मला सोसत नाही. औषध चांगलं होतं. ते देणारा चांगला होता. वाचलेल्या गायींमुळे काही झालंच नाही. औषध देऊनही जी वाचली नाहीत आणि एक-दोन दिवसांत माळावर गेली, त्या थोड्याच जनावरांनी सगळं केलं.

जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात २००६ मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही हे त्याच सुमाराला सिद्ध झालं होतं, त्यामुळे शेतकऱ्याच्या हाती पर्याय होता. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत येतच राहिल्या, कारण एका बाटलीत अख्ख्या म्हशीचा डोस बसायचा. एका तालुक्याच्या गावी औषधाच्या दुकानात, बंदीनंतर बऱ्याच वर्षांनी, माझ्या डोळ्यांसमोर एका माणसाने "म्हशीला द्यायचंय" असं सांगून ती बाटली घेतली होती. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. २०१५ मध्ये ही बाटली ३ मिलिलिटरपुरती मर्यादित झाली तेव्हा कुठे ती वाट अरुंद झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या दोन औषधांवर जनावरांसाठी बंदी आली. त्यातलं ॲसिक्लोफिनॅक तर जनावराच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. पहिल्या बंदीचा परिणामही मोजणीतूनच कळला. २०११ आणि २०१५च्या सर्वेक्षणांत घसरण मंदावलेली दिसली. तोवर संख्या अगदी तळाला गेलेली होती.

गिधाडं नसल्याची किंमत माणसांनीही मोजली. आमच्या माळावर आता कुत्री असतात, दिवसाढवळ्या एकट्याने तिकडून जायला मोठी माणसंही कचरतात. २०२४ मध्ये एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती ते जिल्हे आणि जिथे ती मुळातच कमी होती ते जिल्हे यांतल्या मृत्युदरांची तुलना केली. त्यांचा अंदाज असा की गिधाडं गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. सडणारी जनावरं, दूषित पाणी, रेबीज. हा आकडा मी तीनदा वाचला.

गेल्या वर्षी जानेवारीत मी अंजनेरीला गेले. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरचा हा डोंगर, त्याच्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती टिकून आहे. ही जात झाडावर सहसा घरटं करत नाही, तिला कडाच लागतो. पायथ्यापासून कड्यावर पांढरे ओघळ दिसतात, चुना सांडल्यासारखे. ते विष्ठेचे. ओघळ ताजा असेल तर वरच्या कपारीत घर नांदतं आहे असं समजायचं. सोबतच्या मुलाने दुर्बीण तिकाटण्यावर लावून दिली. तो तिथला, पंचविशीतला, दर हिवाळ्यात ही घरटी मोजतो. "ताई, डोळा लावा आणि हलू नका," म्हणाला.

कपारीत काटक्यांच्या ओबडधोबड ढिगावर एक गिधाड बसलं होतं. फिकट मातकट अंग, जवळजवळ उघडी काळपट मान, मानेच्या बुडाशी विस्कटलेल्या पिसांची पांढुरकी झालर. ते उठलं, बाजूला सरकलं, आणि ढिगाच्या मधोमध राखाडी लोकरीच्या गोळ्यासारखं काहीतरी हललं. पिल्लू. डोकं जड झाल्यासारखं झुलत होतं. मोठ्याने मान खाली घातली, आणि पिल्लाने त्याच्या चोचीच्या कडेला चोच घासली. इतकी मोठी, मेलेल्या बैलाचं पोट फाडणारी चोच, आणि तिचं टोक त्या पिल्लाच्या कपाळाशी पापणीसारखं हलकं. मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. मुलाने वहीत लिहिलं: कपार क्रमांक, वेळ, "पिल्लू १, दोन-तीन आठवडे". मी त्याच्याकडे ती वही मागितली आणि मागची पानं चाळली. एका वर्षी याच कपारीसमोर लिहिलेलं होतं, "रिकामी". त्याच्या पुढच्या वर्षीही "रिकामी". तरी त्याने ओळ सोडली नव्हती.

त्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला, जटायू जिथे पडला असं मानतात तिथे त्याचं देऊळ आहे. मी लहानपणी आजीबरोबर गेले होते. परतीच्या वाटेवर पुन्हा जाऊन आले.

अंजनेरीसारख्या जागा राज्यात थोड्या आहेत. रायगडच्या म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात पांढऱ्या पाठीची गिधाडं उंच झाडांवर घरटी करतात, आणि गावकऱ्यांनी ती जपली आहेत. नाशिककडे हरसूलजवळच्या खोरीपाड्यात आणि गडचिरोलीतल्या काही गावांत मेलेलं जनावर औषधाचं नाही ना हे पाहून गिधाडांसाठी ठरल्या जागी टाकतात. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली वीस गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली. लांब चोचीची दहा पेंचमध्ये, पांढऱ्या पाठीची दहा ताडोब्यात. रेल्वेचा एक डबाही भरणार नाही इतकेच पक्षी. पण पन्नास-शंभराच्या थव्याने एका दुपारी उरकायचं ते काम यांच्या हातून कधी होईल, हे विचारायला माझं मन धजत नाही.

आता मला दुसऱ्याच पक्ष्यांची काळजी लागली आहे. गिधाडांच्या बाबतीत निदान एक जुना आकडा होता. भोवत्यांचं काय? हिवाळ्यात मध्य आशियातून येणारे हे सडपातळ शिकारी आमच्या माळावरून गवताच्या टोकाशी तरंगत जायचे, इतके खालून की आप्पा म्हणायचे, "गवत विंचरतोय." रात्री ते गवतातच, जमिनीवर, एकमेकांजवळ मुक्काम करतात. आंध्रातल्या रोल्लापाडूच्या माळरानावर १९८०च्या दशकात माळढोकाच्या अभ्यासासाठी राहिलेल्या संशोधकांनी असे शेकड्यांनी मुक्कामाला येणारे भोवते पाहिले होते. नंतर तिथली संख्या खूपच खाली आली. तिथलं कळलं कारण तिथे कोणी होतं. आमच्या माळावर कोणी नव्हतं. आमचा माळ सरकारी कागदावर 'पडीक' आहे. त्याच्या अर्ध्यावर आता प्लॉट पडलेत. तिथे किती भोवते उतरायचे हे मला आठवणीतून सांगता येईल, आणि पारावरच्या आजोबांपेक्षा ते जास्त खरं असणार नाही.

२०२३ मध्ये देशातल्या पक्ष्यांचा जो अहवाल आला, तो साधारण ३० हजार पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. बहुतेक नोंदी साध्या माणसांच्या, सकाळी फिरायला गेल्यावर केलेल्या. ९४२ जातींचा विचार झाला, पण दीर्घकाळाचा कल सांगण्याइतक्या जुन्या नोंदी फक्त ३३८ जातींच्या मिळाल्या. त्यांतल्या ६० टक्के घटलेल्या आहेत. मला त्या ३३८पेक्षा उरलेल्या सहाशे जास्त सतावतात. त्यातल्या कितीतरी पक्ष्यांच्या नावापुढे पुरेशा जुन्या नोंदी नाहीत, कारण त्या दिवसांत तो पक्षी कुणाला लिहिण्यासारखा वाटला नव्हता.

म्हणून मी घारी मोजते. मोजायला यापेक्षा साधा पक्षी सापडणार नाही. मी राहते त्या भागातल्या तलावाकाठी निलगिरीची जुनी रांग आहे, संध्याकाळी घारी तिथे मुक्कामाला येतात. पहिल्या दिवशी मोजताना गोंधळ उडाला, कारण त्या बसतात, उठतात, जागा बदलतात. आता सवय झाली. सूर्य कलला की उभं राहायचं, फांदीवर बसलेल्याच मोजायच्या, उडत्या सोडून द्यायच्या, आणि दिवे लागले की थांबायचं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, त्याच जागी, तेवढाच वेळ. बाकावर बसणाऱ्या एका काकांनी परवा विचारलं, "घारी कशाला मोजता? घारी तर सगळीकडे आहेत."

"आहेत म्हणूनच," म्हटलं.

ते थोडा वेळ बघत राहिले. मग त्यांनीच डावीकडच्या शेवटच्या झाडाकडे बोट केलं, "तिकडं पानात दोन आहेत, तुमच्या नजरेतून सुटल्या."

होत्या. आप्पांसारखीच शिसपेन्सिल मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरला दोऱ्याने बांधून ठेवली आहे. त्या रविवारच्या चौकोनात आता लिहिलेलं आहे: घारी ६३. वारा नाही. दोन काकांनी दाखवल्या.